हासेगावाची १/७२ व्हीएफ-१ व्हॅल्किरी: पांढरा रंग, उष्णतेचे डाग आणि बाकीचं

‘मॅक्रॉस’ मालिकेतल्या, रोबो होणाऱ्या व्हॅल्किरी विमानाचं हे प्लास्टिक मॉडेलचं किट घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्हाला रोबो हवाय की विमान? रोबो हवा असेल तर दुसरं काही बघा. हासेगावाची १/७२ मधली, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, व्हीएफ-१ फायटर हे फक्त विमान आहे. त्याचे पाय सुटे होत नाहीत, हात उलगडत नाहीत, पोटाखालचं डोकं वर येत नाही. एकदा चिकटवलं की ते विमानच राहतं. माझ्या मते या किटचं सगळ्यात मोठं बळ तेच आहे.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘मॅक्रॉस’ ही अ‍ॅनिमेशन मालिका जपानी टीव्हीवर ऑक्टोबर १९८२ मध्ये सुरू झाली. तिच्यातलं लढाऊ विमान व्हीएफ-१, म्हणजेच व्हॅल्किरी, तीन रूपं घेतं: पूर्ण विमान, हातपाय आलेलं अर्धं विमान म्हणजे गेरवॉक, आणि उभा रोबो म्हणजे बॅट्रॉइड. शोजी कावामोरी यांनी ते आखलं ते अमेरिकन नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवरून. मागे-पुढे फिरणारे पंख, दोन उभे शेपूटपंख, एकमेकांपासून लांब ठेवलेली दोन इंजिनं आणि त्यांच्या मधली मोकळी जागा, सगळं टॉमकॅटकडून आलं आहे. कथेतल्या स्कल स्क्वाड्रनची कवटीसुद्धा व्हीएफ-८४ ‘जॉली रॉजर्स’ या खऱ्या स्क्वाड्रनच्या टॉमकॅटच्या शेपटीवर होती. फरक मागे दिसतो. टॉमकॅटला आडवे शेपूटपंख आहेत, व्हॅल्किरीला नाहीत, कारण तिची इंजिनं म्हणजेच रोबोचे पाय, आणि नोझल, म्हणजे इंजिनांची मागची तोंडं, ही पावलं.

ऐंशीच्या दशकात इमाई आणि आरी या कंपन्यांनी या विमानाची किटं काढली. हासेगावा या शतकाच्या सुरुवातीला या विमानाकडे वळली. ही शिझुओकातल्या याइझु गावची कंपनी, स्थापना १९४१ ची, आणि तिची ओळख खऱ्या विमानांच्या किटमुळे. त्या सवयीनेच तिने व्हॅल्किरी केली. रूप बदलणाऱ्या मॉडेलला बिजागऱ्या लागतात, बिजागरीला जाडी लागते, हलणाऱ्या दोन भागांत फट ठेवावी लागते. मग नाक जाड होतं, पाठ फुगते, पाय आणि धड यांच्यामध्ये अंधारी चीर राहते. इथे ते काहीच नाही. नाकापासून इनटेकपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडापर्यंत, जाणारी रेषा बाजूने बघा, कुठेही अडखळत नाही. पॅनेल लाइन्स, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, कोरलेल्या आहेत, उठावदार नाहीत, आणि या मापाला शोभतील इतक्या बारीक आहेत.

मी एरवी नौदलाचीच विमानं करते, तीही १/७२ मध्येच, म्हणून ही व्हॅल्किरी शेल्फवर टॉमकॅटच्या शेजारी जाते. तिथे एक गोष्ट लगेच कळते, जी पडद्यावर कधीच कळत नाही. कथेत व्हीएफ-१ ची लांबी १४.२३ मीटर दिली आहे, म्हणजे या मापात जेमतेम वीस सेंटिमीटर. एफ-१४ ची खरी लांबी १९ मीटरच्या थोडी वर, म्हणजे मॉडेल साडेसव्वीस सेंटिमीटरचं. व्हॅल्किरी ही टॉमकॅटच्या पाऊणपट आहे! इतक्या आटोपशीर विमानात कॉकपिट किती जागा खाईल, चाकं केवढी असतील, माणूस शेजारी उभा राहिला तर त्याचं डोकं कुठे येईल, हे सगळं खऱ्या विमानाच्या हिशोबाने तपासता येतं, आणि हे किट त्या हिशोबाला उतरतं.

जुळणीबद्दल फार लिहीत नाही. खऱ्या विमानाचं किट केलेल्या माणसाला इथे नवीन काही नाही. कॉकपिट आधी, मग नाक, मग इंजिनांचे पाय, मग पाठ आणि पंख. इंजिनांचे दोन अर्धे भाग जोडताना मात्र घाई करू नका. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद, सांध्यात सोडायचं, दोन्ही भाग हलके दाबायचे, वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली की तशीच पूर्ण वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी ती ब्लेडच्या पाठीने खरवडून मग पॉलिश पेपर. असं केलं की पुट्टी लागतच नाही, आणि सांध्यावरून जाणाऱ्या पॅनेल लाइन्स बुजल्या असतील तेवढ्याच स्क्राइबरने, म्हणजे रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने, पुन्हा उघडायच्या. रोबोचे हात पोटाखाली, दोन पायांच्या मधे दुमडलेले असतात. ते आधी वेगळे रंगवून मग बसवावेत, नंतर तिथे ब्रश जात नाही. पंखांचा कोनही आधीच ठरवा. कथेत ते २० अंशांपासून ७२ अंशांपर्यंत मागे जातात. खरं टॉमकॅट हवेत ६८ अंशांपर्यंत पंख मागे घेई आणि जहाजाच्या डेकवर उभं असताना जागा वाचवायला ७५ अंशांपर्यंत. तेव्हा चाकांवर उभी व्हॅल्किरी करणार असाल तर पंख मागे घेतलेले पटतात. पंख फिरते ठेवण्याचा मोह मी करत नाही, दोन-तीन वेळा फिरवले की मुळाशी रंग घासला जातो.

आता पांढरा रंग. व्हीएफ-१ जे आणि व्हीएफ-१ एस या व्हॅल्किरीच्या दोन्ही प्रसिद्ध प्रकारांचा पाया पांढरा आहे, आणि या किटचं सोनं किंवा माती इथेच होते.

मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकच्या कॅप बनवते. आमच्याकडे दातांचा रंग जुळवायला जे शेड गाइड असतं त्यात ए-१ पासून डी-४ पर्यंत १६ छटा आहेत, आणि बाहेरचा माणूस त्या सगळ्यांना पांढराच म्हणेल. ए गटात तांबूस तपकिरी झाक, बी मध्ये पिवळसर, सी मध्ये करडी, डी मध्ये तांबूस करडी. कॅपला एकाच अपारदर्शक पांढऱ्याचा थर दिला तर ती तोंडात लांबूनही खोटी दिसते. खोली येते ती खालच्या गडद थरामुळे आणि वरच्या अर्धपारदर्शक थरांमुळे. मॉडेलच्या पांढऱ्या रंगाला मी तोच नियम लावते.

प्रायमर मधल्या करड्या रंगाचा. त्यावर गडद करडा आणि थोडा तपकिरी यांचे वेडेवाकडे ठिपके आणि नागमोडी रेषा, एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं साधन, अगदी जवळ धरून. ०.३ मिमीचं नोझल आणि एक बारच्या आसपास दाब पुरतो. या टप्प्यावर मॉडेल घाणेरडं दिसतं आणि दिसायलाच हवं. मग पांढरा, पण बाटलीतला शुद्ध पांढरा कधीच नाही. त्यात थेंबभर उबदार करडा मिसळायचा, थिनर नेहमीपेक्षा जास्त घालायचा आणि इतके पातळ थर मारायचे की प्रत्येक थराने खालचे ठिपके थोडेच झाकले जावेत. कुठे थांबायचं ते डोळ्याने ठरवायचं. ठिपके दिसतायत असं वाटलं तर अजून एक थर, सपाट वाटू लागलं तर एक थर जास्त झाला. एक-दोन पॅनेलना मिश्रणात पिवळसर झाक वाढवून वेगळा थर द्यायचा, जणू ते झाकण दुसऱ्या विमानावरून काढून बसवलं आहे. शुद्ध पांढरा टाळण्याचं आणखी एक कारण आहे. खरं विमान आपण लांबून बघतो, मधल्या हवेमुळे रंग फिकट आणि मऊ होतात. वीस सेंटिमीटरच्या मॉडेलवर तेवढी हवा मधे नसते, ती रंगातच घालावी लागते.

लाल, काळे किंवा पिवळे पट्टे पांढऱ्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर लाल रंगद्रव्य वरच्या पांढऱ्या लॅकरमध्ये उतरून त्याला गुलाबी करू शकतं. मास्किंग टेपची कड नखाने दाबून बसवायची, मग कडेवर आधी पांढराच एक हलका हात मारायचा. टेपखाली जे काही झिरपायचं ते पांढरंच झिरपतं आणि त्यावर मारलेल्या लाल रंगाची कड धारदार येते.

यानंतर येतं वेदरिंग, म्हणजे वापराचे डाग आणि झीज रंगवणं, आणि इथे मला या किटवरच्या बऱ्याच कामांशी वाद घालायचा आहे. व्हॅल्किरीच्या नोझलमागे काळ्या धुराचे पट्टे मारलेले दिसतात, पंखांवर गंजाचे ओघळ, पाठीवर पाऊस वाळल्याचे डाग. खऱ्या विमानावर हे डाग कुठून येतात ते बघा. केरोसिनसारखं इंधन जळून काजळी येते. समुद्राच्या खाऱ्या हवेत रंगाला फोड येतात, मग जहाजावरचे मेकॅनिक तेवढाच भाग घासून ताजा रंग लावतात, म्हणून सेवेतल्या टॉमकॅटवर करड्या रंगाची ठिगळं दिसत. आता कथा बघा. व्हीएफ-१ चं इंजिन अणुसंमीलनावर चालतं. हवेत ते आत घेतलेली हवा तापवतं, अवकाशात इनटेक झाकणांनी बंद होतात आणि सोबत नेलेलं द्रव्य वापरलं जातं. केरोसिन जळतच नाही, तर काजळी कशाची? शिवाय कथेत युद्ध २००९ मध्ये सुरू होतं तेव्हा ही विमानं नवी आहेत, आणि थोड्याच वेळात ती मॅक्रॉस या महाकाय जहाजासकट अवकाशात जातात, जिथे पाऊसही नाही आणि समुद्रही नाही.

म्हणून माझ्या व्हॅल्किरीवर डाग कमी आहेत, पण प्रत्येकाला कारण आहे.

सगळ्यात आधी उष्णता. नोझलला चकचकीत काळा पाया, वर अल्क्लॅड या धातूसारख्या चमकणाऱ्या रंगाचा थर, त्यावर पारदर्शक रंग. तापलेल्या धातूवर रंग एका ठरलेल्या क्रमाने येतात: तापमान वाढत जाईल तसा आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. म्हणजे सगळ्यात तापलेल्या जागी निळा आणि तिथून दूर जाताना जांभळा, तपकिरी, शेवटी पिवळा. पुष्कळ मॉडेलवर हा क्रम उलटा असतो, आणि एकदा कळलं की डोळा तिथेच अडकतो. प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीत विरघळली पाहिजे, पारदर्शक निळ्याचे दोनच अति पातळ हात बस होतात.

दुसरं, मेकॅनिकच्या बुटांचे ठसे. टॉमकॅटच्या पाठीवर हे हमखास दिसतात, आणि विमान अवकाशात असो की समुद्रावर, त्याच्यावर चढून झाकणं उघडणारी माणसं लागतातच. स्पंजचा बारीक तुकडा, त्यावर जवळजवळ वाळलेला करडा ऑइल पेंट, आणि फक्त जिथे पाय ठेवता येईल तिथे: कॉकपिटच्या मागे आणि पंखांच्या मुळाशी. तिसरं, हायड्रॉलिक तेल. ज्या विमानात पाय, हात आणि पंख हलतात त्यात तेल गळणारच, तेही सांध्यापासून मागच्या दिशेने. तपकिरी ऑइल पेंटचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि थिनरने ओल्या केलेल्या ब्रशने मागे ओढायचा. चौथं, तोफ. पोटाखालचा जीयू-११ गनपॉड तीन नळ्यांचा, ५५ मिमीचा. इथे काळवंडणं अगदी रास्त आहे. ए-१० विमानाच्या नाकावर तोफेच्या वायूंचा काळा थर बसतो त्याचे फोटो बघा आणि नळ्यांच्या तोंडापासून मागे तसंच करा, हात राखून. आणि शेवटचं, अतिनील किरण. अवकाशात वातावरणाचं संरक्षण नसतं, आणि खऱ्या यानांवरचे पांढरे रंग त्या किरणांनी काळसर-पिवळसर होत जातात हे माहीत आहे. मघाशी पॅनेलना दिलेल्या पिवळसर झाकेला इथे आधार मिळतो.

पॅनेल लाइन्समध्ये काळा वॉश, म्हणजे रेषांत उतरणारा पातळ रंग, भरू नका. पांढऱ्यावर काळी रेष म्हणजे कागदावरचं चित्र. मी मधल्या करड्यात चिमूटभर तपकिरी घालते आणि हलणाऱ्या भागांच्या कडा तेवढ्या एक छटा गडद करते, म्हणजे कुठली रेष नुसता पत्र्याचा जोड आहे आणि कुठली खरोखर उघडते ते कळतं. वॉश एनॅमलचा असेल तर खाली लॅकरचा ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, पूर्ण वाळलेला हवा. एनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकवर साचला तर ताणाखाली असलेले सांधे तडकू शकतात.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, खूप आहेत, आणि बारीक सूचनांची अक्षरं त्यात जास्त. कंटाळा येतो हे खरं, तरीही एकसुद्धा गाळू नये असं माझं ठाम मत आहे. न पाहिलेल्या वस्तूचं माप डोळा कशावरून घेतो? जवळजवळ न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांवरून. ती नसली तर वीस सेंटिमीटरचं मॉडेल वीस सेंटिमीटरचंच दिसतं. ती आली की चौदा मीटरचं विमान दिसायला लागतं. ग्लॉसवरच लावा, मॅट पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी चकाकी येते. कोमट पाणी, खाली मार्क सेटर (डेकल चिकटवणारं द्रव), जागेवर बसल्यावर मार्क सॉफ्टर (डेकल मऊ करणारं द्रव), मग हात लावायचा नाही. सुरकुत्या आल्या तरी लावायचा नाही, वाळताना त्या आपोआप बसतात. शेपटीवरची कवटी आधी लावून घ्या, तिच्यावर सगळ्यांची पहिली नजर जाते आणि दोन्ही बाजूंची उंची जुळायला हवी.

शेवटचा थर मॅट नको, सेमीग्लॉस हवा. सत्तरच्या दशकातली टॉमकॅट वर चकचकीत करडी आणि खाली पांढरी असत, निस्तेज करडे रंग नंतर आले. व्हॅल्किरी त्या चकचकीत काळातल्या टॉमकॅटवरून आली आहे, तिला तेवढा उजेड अंगावर घेऊ द्यावा.

क्षेपणास्त्रं पंखांखाली चार ठिकाणी प्रत्येकी तीन, म्हणजे बारा. काम एकसुरी आहे, म्हणून ती टूथपिकवर टोचून सगळी एकदमच रंगवावीत. नुकतंच उड्डाण करणारं विमान असेल तर बाराही लावा. डेकवर दुरुस्तीला उभं असेल तर रिकामे पायलन, म्हणजे क्षेपणास्त्रं टांगायचे आधार, जास्त बोलके दिसतात.

कोणतं घ्यावं? खोक्यावरचं अक्षर नीट बघा, कारण पोटाखालचं डोकं प्रत्येकाचं वेगळं: व्हीएफ-१ ए ला एक लेझर, जे ला दोन, एस ला चार. पहिल्यांदा करणाऱ्याने व्हीएफ-१ ए घ्यावं, फिकट तपकिरी रंगातलं साधं शिपाई विमान. तो रंग एका हातात झाकतो, चुका पोटात घालतो, आणि कथेत ही विमानं सगळ्यात जास्त असल्याने दुरुस्तीची ठिगळं, बदललेली झाकणं यांना तिथे भरपूर वाव आहे. लाल पट्ट्यांचं जे त्यानंतर. कथेतल्या स्कल स्क्वाड्रनचा प्रमुख रॉय फोकर याचं एस, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, हात बसल्यावर. पिवळा पांढऱ्यावर आणि काळा पिवळ्यानंतर असाच क्रम ठेवावा लागतो, आणि तिथे मास्किंगची एकही कड लपत नाही. ज्यांना गोंद आणि रंग दोन्ही नकोत, नुसतं दाबून बसवायचं किट हवं, त्यांनी मात्र यातलं एकही घेऊ नये.